ग्रिलवर टॅनिनचा हात
माहीमला समुद्रासमोर आमची खिडकी. खारा वारा ग्रिल खातो. दरवर्षी रेड ऑक्साइड मारायचं नि थिनरच्या वासानं सासूबाईंचा दमा उसळायचा. यंदा नागदेवी स्ट्रीटवरून थिनरऐवजी पाण्यात कालवलेलं, टॅनिनवालं गंजरोधक आणलं. टॅनिन म्हणजे झाडापाल्यातलं तुरट द्रव्य; आपल्या औषधी हिरड्याच्या फळातही तेच असतं.

तारेच्या ब्रशनं सुटे पापुद्रे काढले, ओल्या फडक्यानं मीठ पुसलं, ग्रिल सुकू दिली नि हात मारला. तांबूस गंज डोळ्यांदेखत निळसर काळा पडला! टॅनिन गंजातल्या लोखंडाला धरतं, त्याचा घट्ट थर बनतो. वास जवळजवळ नाहीच. सासूबाई शेजारीच बसून होत्या.

मात्र वरून रंग हवाच. कुंड्यांचं पाणी साचतं त्या खालच्या पट्टीला तो द्यायचा राहिला आणि पावसाळ्यात तिथंच पुन्हा गंज फुटला. दिवाळीआधी तेवढी पट्टी घासणार आहे.