गोळ्या कॅनडातून मागवायच्या की अमेरिकेतच घ्यायच्या?

न्यूजर्सीतल्या एका ताईंनी विचारलंय, इन्शुरन्स धड नाही, मग बीपी, शुगरच्या गोळ्या कॅनडातून मागवू का. आधी बघा की औषध जेनेरिक (म्हणजे तेच औषध, पण मूळ कंपनीच्या ब्रँडशिवाय) आहे की ब्रँडेड, कारण सगळं तिथेच ठरतं.

किंमत म्हणाल तर मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असली जुनी जेनेरिक अमेरिकेतच स्वस्त पडतात, वॉलमार्टने २००६ मध्ये महिन्याला ४ डॉलरवाली यादी काढली होती, आणि कुपन लावलं की बाकीच्या दुकानांतही भाव बराच उतरतो. ब्रँडेडचं उलटं आहे. एलिक्विस या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळीच्या जेनेरिकला एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने) २०१९ मध्येच मंजुरी दिली तरी पेटंटमुळे ते अमेरिकेत दुकानात आलेलं नाही, कॅनडात मात्र मिळतं, म्हणून किमतीत फरक प्रचंड.

कायद्याने बाहेरून औषध मागवणं बहुतेक वेळा नियमबाह्यच, स्वतःपुरता ९० दिवसांपर्यंतचा साठा असेल तर सहसा कोणी हात लावत नाही पण पार्सल अडकू शकतं, आणि ते पैसे डिडक्टिबलमध्येही (इन्शुरन्स सुरू होण्याआधी आपण भरायच्या रकमेत) सहसा धरत नाहीत. इन्सुलिन तर पोस्टाने मागवूच नका, उन्हात खराब होतं.

भरवशाचं म्हणाल तर जी साइट प्रिस्क्रिप्शन न मागता औषध देते ती लगेच बंद करा, नाव कॅनडाचं लावलं तरी माल भलतीकडून येऊ शकतो, कृपया जिवाशी खेळू नका.

तुमच्यासारख्या जुन्या जेनेरिकवाल्यांनी कुपन घेऊन जवळच्याच दुकानात जावं. महागडी ब्रँडेड गोळी कायमची असेल आणि महिनाभर उशीर चालत असेल तर डॉक्टरांना सांगून, दुकानाचं लायसन्स तपासून कॅनडातून मागवा.