डिस्टंट वर्ल्ड्स : भेट म्हणून तिकीट काढणार असाल तर

'फायनल फँटसी' ही व्हिडिओ गेम-मालिका वर्षानुवर्षं खेळणाऱ्या माणसाला वाढदिवसाला काय द्यायचं, या प्रश्नावर 'डिस्टंट वर्ल्ड्स' या तिच्याच संगीताच्या वाद्यवृंद-मैफलीचं तिकीट हे चांगलं उत्तर आहे. २००७ साली स्टॉकहोममध्ये पहिला प्रयोग झाला, आणि कंडक्टर अर्नी रॉथ तेव्हापासून या कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. संगीत मुख्यतः मालिकेचे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांचं. पूर्ण वाद्यवृंद, कोरस आणि मागे मोठ्या पडद्यावर खेळातली दृश्यं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हे प्रयोग झालेत. खालचा मजकूर त्याच सभागृहाला धरून आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो: भेट उत्तम, पण ती चुकीच्या जागेवर बसवून वाया घालवता येते. आणि ज्याला द्यायची तो कोणता भाग खेळलाय हे माहीत नसेल, तर निम्मी वाया जातेच.

गेममधलं संगीत मुळात संपण्यासाठी लिहिलेलंच नसतं. खेळणारा दोन मिनिटांत पुढे जाईल की अर्धा तास अडकेल, हे संगीतकाराला ठाऊक नसतं, म्हणून धून फिरून पुन्हा सुरुवातीला येते. तबल्याच्या सोलोमागे वाजणाऱ्या लेहऱ्यासारखी. ती मंचावर आणायची तर अरेंजरला, म्हणजे धून वाद्यवृंदासाठी मांडणाऱ्याला, तिचा चढ, उतार आणि शेवट नव्याने बांधावा लागतो. उएमात्सुंच्या बऱ्याच रचनांसाठी हे काम शिरो हामागुची यांनी केलंय. अरेंजमेंट जिथे नुसती फिरवून दोनदा वाजवली जाते, तिथे दुसऱ्या फेरीत सभागृहातल्या खुर्च्या कुरकुरायला लागतात. अशा एक-दोन जागा या कार्यक्रमातही येतात, लढाईच्या धुनांमध्ये विशेष.

याउलट जे जमतं ते फारच जमतं. सहाव्या भागातला ऑपेरा घ्या. १९९४चा हा खेळ सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम-यंत्रावर आला. त्याच्या ध्वनी-चिपला मेमरी ६४ किलोबाइट आणि एका वेळी ८ आवाज. त्यात माणसाचं गाणं बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून नायिका 'आ-ओ' छापाच्या कृत्रिम स्वरात गायची आणि शब्द पडद्यावर वाचावे लागायचे. इथे तेच दृश्य सोप्रानो (उंच स्त्री-स्वर), टेनर (उंच पुरुष-स्वर) आणि बास (खर्जातला पुरुष-स्वर) असे तीन गायक खऱ्या गळ्यांनी गातात, दहा मिनिटांहून जास्त वेळ. ज्यानं लहानपणी तो चिपचा आवाज ऐकलाय, त्याच्या चेहऱ्याकडे या वेळी बघावं. ज्यानं नाही ऐकला, त्याला मात्र ही एक लांबलेली, जरा भाबडी प्रेमकथा वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. एक अट: हा ऑपेरा प्रत्येक प्रयोगात असतोच असं नाही. गायक वेगळे लागतात, त्यामुळे जाहिरातीत त्यांचा उल्लेख नसेल तर धरून चालू नका.

शेवटाकडे बहुधा 'वन-विंग्ड एंजल' येतं, १९९७च्या सातव्या भागातल्या अंतिम लढाईचं. तंतुवाद्यांचे तुटक, दातओठ खाल्ल्यासारखे ठोके, त्यावर ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), मग कोरसचे लॅटिन शब्द. ते 'कार्मिना बुराना' या मध्ययुगीन काव्यसंग्रहातून उचललेत. कोरस खलनायकाचं नाव पुकारतो तेव्हा प्रेक्षकही 'सेफिरोथ!' ओरडतात. सोबत आलेल्या आईवडिलांना याची कल्पना आधी दिलेली बरी. टाळ्यांचंही तसंच: प्रत्येक तुकड्यानंतर इथे खुशाल टाळ्या वाजतात, शिट्ट्याही. गप्प बसण्याचा नियम शोधू नका.

आता जागा. रॉयल अल्बर्ट हॉल लंबगोल आहे, पाच हजारांवर माणसं मावतात, आणि घुमटामुळे प्रतिध्वनीची कटकट पूर्वापार होती. १९६९ साली छताखाली फायबरग्लासच्या तबकड्या टांगल्या तेव्हा ती बरीच आटोक्यात आली. पण कोरस आणि हार्प या आकाराच्या सभागृहात माइकशिवाय पोचत नाहीत. म्हणजे तुम्ही जे ऐकता ते अर्धं वाद्यांचं आणि अर्धं स्पीकरचं. पहिल्या भागापासून चालत आलेलं 'प्रील्यूड' हे सगळं हार्पच्या चढत्या-उतरत्या स्वरांवर उभं आहे. मिक्सिंग करणाऱ्यानं माइक थोडा दाबला तरी उरतात फक्त व्हायोलिन्स.

अरीनाच्या, म्हणजे मंचासमोरच्या तळमजल्याच्या, पहिल्या रांगा महाग असल्या तरी टाळा. मजला सपाट, समोरच्याचं डोकं मध्ये येतं, पडद्यासाठी मान वर करून बसावं लागतं, आणि कानावर जवळची व्हायोलिन्स आदळतात तर मागचा ब्रास वरून निघून जातो. मंचामागच्या जागा स्वस्त दिसतात. तिथून कंडक्टरचा चेहरा छान दिसतो, पडदा दिसत नाही. सर्वांत पैसा वसूल जागा म्हणजे मंचाच्या बरोबर समोरच्या वळणावरचे स्टॉल्स (अरीनाभोवतीच्या चढत्या रांगा), ते परवडत नसतील तर त्याच रेषेत वरचं सर्कल. बाजूच्या जागांवर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' (मंच पूर्ण दिसत नाही) लिहिलंय का ते पैसे भरण्याआधी वाचा.

भेट देताना एक तिकीट काढू नका, दोन काढा. एकट्यानं जायची भेट म्हणजे काम दिल्यासारखं होतं. तिकीट फोनवर येतं आणि ते विकत घेणाऱ्याच्या नावावर असतं. सरप्राइज टिकवायचं तर मेल स्वतःकडे ठेवा, हातात एक छापील कागद द्या: तारीख, वेळ आणि दार क्रमांक. दार क्रमांक महत्त्वाचा, कारण इमारत लंबगोल आहे. चुकलात तर थंडीत अख्खी प्रदक्षिणा घडते. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून एक्झिबिशन रोडने १०-१५ मिनिटं चालायचं. टी-शर्ट, सीडी घ्यायच्या तर सुरू होण्याआधी, मध्यंतराची वेळ रांगेतच जाते.

जिच्यासाठी घेताय ती व्यक्ती फक्त चौदावा भाग खेळत असेल तर थांबा. त्याचं संगीत मुख्यतः मासायोशी सोकेन यांचं, आणि या कार्यक्रमाचा जीव सात ते दहा या भागांत जास्त अडकलेला आहे. आणि जर तिला खेळापेक्षा वाद्यवृंदच जास्त आवडत असेल, तर 'फायनल सिम्फनी' नावाचा वेगळाच कार्यक्रम शोधा. २०१३ साली जर्मनीतल्या वुपर्टालमध्ये तो पहिल्यांदा झाला, त्याच वर्षी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं लंडनच्या बार्बिकन सभागृहात वाजवला. त्यात पडदा नाही. सहाव्या भागाचं सिम्फॉनिक पोएम (वाद्यवृंदासाठीची कथात्मक रचना), दहाव्याचा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना), सातव्याची तीन भागांची सिम्फनी. धुना ओळखीच्या असतात, पण त्या मोडून नव्याने विणलेल्या, त्यामुळे नुसतं ओळखून खूश होण्याची सोय नाही. त्याचे प्रयोग मात्र फार विरळ होतात. तोवर अ‍ॅबी रोड स्टुडिओत याच ऑर्केस्ट्रानं केलेलं ध्वनिमुद्रण भेट द्या.