डिशमधली कॉलनी की स्फेरॉइड?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची ठाण्या-वाशीकडची मुलं हटकून विचारतात: रेडिएशनचा डोस वाढवला की कर्करोगाच्या गाठीची वाढ किती खुंटते ते बघायचंय, तर पेशी डिशमध्ये सपाट वाढवू की स्फेरॉइड, म्हणजे पेशींचा गोळा, करू? हातात जेमतेम चार महिने, त्यातही गणपती येतात.

डिशची पद्धत जुनी आणि खणखणीत. पक आणि मार्कस यांनी १९५६ मध्ये हेला या कर्करोगाच्या पेशींवर क्ष-किरण सोडून जगण्याचा आलेख मांडला. आजही गाभा तोच. मोजून पेशी पेरायच्या, ०, २, ४, ६, ८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं एकक) द्यायचे, दहा-चौदा दिवस डिश हलवायची नाही, मग क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून एकेका पेशीपासून वाढलेल्या, किमान ५० पेशींच्या कॉलन्या, म्हणजे पुंजके, मोजायच्या. समजा, डोस न दिलेल्या १०० पेशींतून ६० कॉलन्या आल्या आणि ४ ग्रे दिलेल्या ५०० मधूनही ६०च. डोसशिवायही १०० तल्या ६०च उगवतात, म्हणजे ५०० मधून ३००च अपेक्षित. तर तगल्या २० टक्के, ३०० पैकी ६०. इथे ५०० ने भागणारे दरवर्षी भेटतात.

घाईत कोणी एमटीटी, म्हणजे पेशींचं चयापचय रंगावरून मोजणारी चाचणी, सुचवेल. तीन दिवसांत उत्तर मिळतं, पण ते भलत्याच प्रश्नाचं. किरण लागलेली पेशी लगेच मरत नाही. एक-दोनदा विभागते, फुगते, तिची चयापचयाची चूल पेटलेली राहते. एमटीटी ती चूल मोजतं, पुढे वंश चालेल का ते नाही.

स्फेरॉइड गाठीच्या जास्त जवळचा. साधारण ५०० मायक्रॉनच्या पुढे गेला की आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजनविना त्याच परिणामाला अडीच-तीनपट डोस लागू शकतो. सपाट डिशमध्ये हे दिसतच नाही. पण २०० मायक्रॉनचा गोळा करून ‘त्रिमितीय मॉडेल’ म्हणणं म्हणजे नुसती हौस. शिवाय मोजताना व्यासावर विसंबू नका: व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. डोसनंतर गोळा एक-दोन दिवस वाढतच राहतो, मग आक्रसतो, कधी पुन्हा डोकं वर काढतो. खरी गोष्ट त्या पुन्हा वाढण्यात असते, म्हणून दोन-तीन आठवडे फोटो काढत बसावं लागतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याला मी कॉलनीच सांगेन. ऑक्सिजनचाच प्रश्न असेल तरच स्फेरॉइड, आणि आधी एक महिना नुसते एकसारखे गोळे जमवण्यात घालवा.

किरण देणारं मशिन कॉलेजात नसेल तर पेशी गाडीतून न्याव्या लागतात. लटकत्या थेंबात वाढवलेले स्फेरॉइड सायन-पनवेल रस्त्याच्या खड्ड्यांत टिकणार नाहीत. ते आधी प्लेटमध्ये उतरवून घ्या. शून्य ग्रेची डिशही सोबत न्या, नाहीतर प्रवासाचा मार डोसच्या खात्यात जमा होतो. मशिनमधला किरणांचा स्रोत कोबाल्ट-६० असेल तर किती वेळ किरण द्यायचे त्याचा तक्ता कधीचा आहे ते विचारा; त्याची ताकद महिन्याला साधारण एक टक्का घटते.