रानटर्कीसाठी शंभर डॉलर द्यायचे, तर कुठे? परवाना, संघटना की स्वतःचं रान

अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे कोडंच वाटतं: पक्षी जगवायचा, आणि पैसा मात्र त्याच्या शिकारीतून यायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हणजे गुन्हा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथली व्यवस्था मुळातच वेगळी आहे. जंगलतोड आणि बाजारासाठीची बेसुमार शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांत एकही रानटर्की उरली नव्हती. आज देशात साठ लाखांच्या आसपास पक्षी आहेत, आणि त्याचा मोठा खर्च शिकाऱ्यांनी उचलला आहे. प्रश्न इतकाच, की तुमचे पैसे कोणत्या वाटेने गेले तर जास्त कामी येतील?

राज्याचा शिकार परवाना आणि टर्की स्टॅम्प (टर्कीच्या शिकारीसाठी परवान्यावर घ्यायची जादा फीची पावती). पक्षी वाढावेत एवढंच मनात असेल, तर सुरुवात इथून करा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के केंद्रीय कर आहे. धनुष्यबाणाच्या सामानावरही ११ टक्के. यातला बहुतेक पैसा राज्यांना वाटताना निम्मा वाटा क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो. म्हणजे तुमचा परवाना राज्याच्या खात्यात फी तर टाकतोच, शिवाय वाटपात एक डोकंही वाढवतो. प्रकल्पाच्या खर्चात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. राज्याचा एक डॉलर केंद्राचे तीन ओढून आणतो. परवान्याचा पैसा वन्यजीव खात्याबाहेर वळवता येत नाही, ही अट कायद्यातच आहे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कर उत्पादक किंवा आयातदार भरतो, तोही पहिल्या विक्रीवर. जुनी बंदूक विकत घेतली तर या निधीत काहीच पडत नाही. आणि राज्याकडे आपला २५ टक्के हिस्सा नसेल, तर मुदतीत न वापरलेला पैसा परत जातो आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या कामाकडे वळतो. फक्त टर्कीसाठीच द्यायचं असेल, तर आपल्या राज्यात वेगळा स्टॅम्प आहे का ते पाहा. विस्कॉन्सिनमध्ये तो सव्वापाच डॉलरला मिळतो आणि त्याचा पैसा टर्कीच्याच कामावर खर्च होतो.

संघटना. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनचं मुख्यालय साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डला आहे. सरकारी निधीला जमत नाही ती लवचिकता इथे असते: एखाद्या विशिष्ट जंगलाची विरळणी, मुलांसाठी उपक्रम, शिकारीसाठी जमीन खुली करून घेणं. राज्याचा कमी पडणारा २५ टक्के हिस्साही अशी संघटना भरू शकते. मात्र संघटनेच्या निधी जमवण्यासाठीच्या वार्षिक मेजवानीत लिलावाची बंदूक घेतलीत, तर तिच्या बाजारभावाइतकी रक्कम देणगी धरली जात नाही. करात वजावट फक्त वरच्या रकमेवर. सोडतीच्या तिकिटावर वजावट नाहीच. त्यामुळे मेजवानीला माणसं भेटायला जरूर जा, पण मोठी रक्कम द्यायची असेल तर सरळ देणगी द्या, आणि ती आपल्या राज्यातल्या कुठल्या कामावर खर्च होणार ते शाखेला आधी विचारा.

स्वतःची जमीन. थोडं रान असेल, तर शंभर डॉलरचं सर्वांत दिसणारं काम इथे होतं. मादी जमिनीवरच दहा-बारा अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. त्यानंतर साधारण दोन आठवडे पिल्लांना उडता येत नाही. जमिनीला गाल लावून त्यांच्या उंचीवरून आपलं कुरण पाहा. टॉल फेस्क्यू गवताची गादी असेल, तर मुठीएवढ्या पिल्लाला त्यातून वाटच मिळत नाही, आणि पहिल्या आठवड्यांत लागणारे किडेही तिथे कमीच. वर मोकळी पानं, खाली मोकळी माती, असं रुंद पानांच्या तणांचं रान हवं. म्हणून वसंतापासून ऑगस्टपर्यंत गवत कापू नका. यंत्राखाली घरट्यासकट मादी जाते. नियंत्रित आग दर दोन ते पाच वर्षांनी उत्तम, पण परवानगी आणि प्रशिक्षित माणसांशिवाय काडीही ओढू नका. कृषी खात्याच्या एक्विप योजनेतून खर्चाचा काही भाग मिळू शकतो. मात्र मंजुरी आधी, काम नंतर.

एका ठिकाणी मात्र पैसा अजिबात देऊ नका: पाळीव टर्की वाढवून रानात सोडणाऱ्यांना. राज्यांनी अनेक वर्षं हे करून पाहिलं. ते पक्षी रानात टिकले नाहीत, कारण धोका ओळखायला शिकवणारी रानटी आई त्यांना मिळालीच नव्हती. यश आलं ते तोफेने उडवलेल्या जाळ्यात खरे रानटी पक्षी पकडून दुसरीकडे नेल्यावर. विस्कॉन्सिनची सुरुवात १९७६ मध्ये मिझुरीहून आणलेल्या २९ पक्ष्यांवर झाली. मोबदल्यात मिझुरीला रफ्ड ग्राउस हे रानपक्षी मिळाले.

शिकारीची परंपरा टिकवायची असेल तर हिशेब बदलतो. नराला जवळ बोलावण्यासाठी खडू लावलेल्या बॉक्स कॉलवर, म्हणजे घासून आवाज काढायच्या लाकडी पेटीवर, मादीची हाक काढणं किंवा खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लावून बसणं पावतीने पुढच्या पिढीकडे जात नाही. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच, हेसुद्धा कोणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. इथे पैशापेक्षा वेळ द्या. एच-वन-बी व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे; धनुष्याला ती अडचण नाही, म्हणून अनेकांना तिथून सुरुवात सोपी जाते. आणि पुढे शिकारी-शिक्षण वर्गात स्वयंसेवक झालात, तर हजेरीच्या कागदावर तास नीट भरून सही करा. ते तासही राज्याच्या २५ टक्क्यांत धरता येतात.