किडनीसाठी एक्सोसोम थेरपी : अण्णांचे साडेतीन लाख आणि तीन महिने गेले

लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं. घरातल्यांना वाटतं लोक हसतील, पण परवा डायलिसिसच्या वेटिंगमध्ये एका काकांच्या हातात त्याच एक्सोसोमवाल्या क्लिनिकचं ब्रोशर बघितलं आणि राहवलं नाही.

अण्णांना वीस वर्षं शुगर. मार्चमध्ये क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) 4.6 आलं, नेफ्रोलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, सरळ सांगितलं की हातात फिस्टुला करून घ्या, म्हणजे डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या ऑपरेशन करून जोडून घ्या, तो तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, ऐनवेळी पळापळ नको. फिस्टुला म्हटल्यावर अण्णांनी जेवणच सोडलं. त्यांच्या लेखी तो म्हणजे शेवट. मग मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर 'डायलिसिसशिवाय उपाय' शोधत बसायचो, एकीकडे नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

पेशंट कोऑर्डिनेटर म्हणे. इतकी गोड बोलायची की बस, अण्णांना काका काका करायची, जेवलात का विचारायची. पुण्यात क्लिनिक, काचेचं रिसेप्शन, कॉफी मशीन. डॉक्टरांनी समजावलं की स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी, स्वतःबाहेर बारीक बारीक पिशव्या सोडतात, 30 ते 150 नॅनोमीटरच्या, त्याच एक्सोसोम, त्यांच्यात दुरुस्तीचे निरोप असतात, ते किडनीला मिळाले की किडनी सुधारते. एक रिसर्च पेपर पण दाखवला, इटलीतल्या तुरिनच्या लोकांचा, 2009 चा. पेपर खरा आहे, तेच तर वाईट आहे. मी शेवटपर्यंत वाचलाच नाही ना. त्यात उंदरांना ग्लिसरॉल टोचून अचानक किडनी बिघडवली होती आणि मग स्टेम सेलच्या तसल्या पिशव्या दिल्या होत्या. उंदराची नुकतीच बिघडलेली किडनी आणि आमच्या अण्णांची वीस वर्षांच्या शुगरने चट्टे पडलेली किडनी, काही मेळ आहे का? हे आमच्या नेफ्रोलॉजिस्टनी नंतर सांगितलं, आधी मी त्यांना विचारलंच नव्हतं, ओरडतील म्हणून.

तीन डोस, साडेतीन लाख. अर्धे रोख. पावतीवर काय लिहिलं माहितीये? 'वेलनेस पॅकेज'. किडनीचा किंवा एक्सोसोमचा शब्द नाही.

पहिल्या डोसच्या आधी अण्णांना तीन दिवस उलट्या-जुलाब, क्रिएटिनिन 5.4 वर गेलेलं. क्लिनिकवाल्यांनी सलाईनच्या बाटलीत औषध घालून लावलं आणि आठवड्याने रिपोर्ट 4.5! घरात पेढे वाटले हो आम्ही. अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन वाढतं आणि पाणी भरून निघालं की उतरतं, एवढं साधं गणित होतं ते. पण कोऑर्डिनेटर म्हणाली काका बघा, एकाच डोसमध्ये, आता फिस्टुला कशाला? आणि आम्ही फिस्टुलाची तारीख रद्द केली. पैशापेक्षा हे जास्त टोचतं मला.

दुसऱ्या डोसला मी आत होतो. नर्सने थर्माकोलचा डबा उघडला, आत दोन आईसपॅक, तेही पाणी झालेले. आधी मला हेच लोक सांगत होते की माल उणे 80 डिग्रीला ठेवतो. बाटलीवरचं लेबल अर्धं सोललेलं, उरलेल्या इंग्रजीचा अर्थ 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये'. मी विचारलं तर म्हणे इंपोर्टेड मालावर सगळीकडेच असं असतं. घरी येऊन शोधलं तर अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) 2019 च्या डिसेंबरमध्येच एक्सोसोमबद्दल लोकांना सावध केलेलं, नेब्रास्कातल्या पेशंटना गंभीर त्रास झाला म्हणून.

मग क्लिनिकला फोन करून सीटीआरआय नंबर मागितला, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर. आपल्याकडे माणसांवरची ट्रायल तिथे नोंदवावीच लागते आणि ट्रायलच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. आयसीएमआरच्या (देशातली वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या गाईडलाईन्सप्रमाणे रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचं बाकी सगळं अजून संशोधनच आहे. तर उत्तर काय, 'सर, हे स्टेम सेल नाहीच, एक्सोसोम आहे, त्याला तो नियम नाही.' ब्रोशरवर मात्र मोठ्या अक्षरात स्टेम सेल! तिसरा डोस घेतला नाही, त्याचे पैसे आजतागायत परत नाहीत.

जुलैत एका रात्री अण्णांना झोपून श्वास घेता येईना, पाय सुजलेले, क्रिएटिनिन 8.9. फिस्टुला नाही, त्यामुळे मानेत नळी घालून इमर्जन्सी डायलिसिस. मार्चमध्ये हातात फिस्टुला केला असता तर जूनपर्यंत तयार असता. आता केलाय, आठवड्यातून तीनदा जातो, सरकारी योजनेत बसतंय म्हणून डायलिसिसचा खर्च तरी निभतोय.

क्लिनिकचा नंबर मी दोघांच्या फोनवर ब्लॉक केलाय. तरी दिवाळीच्या आदल्या दिवशी नव्या नंबरवरून अण्णांना मेसेज आला, बूस्टर डोसवर सवलत. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि फोन माझ्याकडे देत हळूच म्हणाले, 'तिसरा राहिला होता ना रे आपला?'