लहान इंजिनाची सेकंडहँड स्नोमोबाइल: दोन हिवाळे वापरल्यानंतर

मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पात आम्ही राहतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात येथे ३९०.४ इंच, म्हणजे सुमारे साडेबत्तीस फूट बर्फ पडला होता आणि ही नोंद हमरस्त्यालगतच्या एका उंच फलकावर अभिमानाने मिरवली जाते. हॉटन आणि हॅनकॉक या गावांना जोडणाऱ्या उचलपुलाचा खालचा मजला हिवाळ्यात स्नोमोबाइलवाल्यांसाठी मोकळा असतो, यावरून या वाहनाचे येथील स्थान लक्षात यावे. तरीही सात हिवाळे आम्ही ते केवळ खिडकीतून पाहिले. गुलमर्गला पर्यटकांना ‘स्नो स्कूटर’वरून एक चक्कर मारून आणतात, तेवढाच माझा पूर्वानुभव होता.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये २०१४ सालची, ५५० सीसी वर्गातील, ३,४०० मैल चाललेली एक गाडी विक्रीस असल्याचे कळले. मालकाने २,८०० डॉलर सांगितले होते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा येतील त्या आधीच्या मालकाच्या हेळसांडीच्या तरी आहेत किंवा या संपूर्ण वर्गाच्या तरी. पंख्याने थंड होणारी, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक इंजिने स्की-डू, पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या तिन्ही कंपन्यांनी थोड्याफार फरकाने याच आकारात विकली आहेत. शक्ती साधारण साठ अश्वशक्ती. त्याच काळातील, कूलंटने (थंड ठेवणाऱ्या द्रवाने) गार होणारी सहाशे सीसीची टू-स्ट्रोक इंजिने याच्या जवळजवळ दुप्पट शक्ती देतात, त्यामुळे ज्याला विचारावे तो ‘सहाशेच्या खाली घेऊ नकोस, वर्षभरात कंटाळशील’ असेच सांगत होता.

हा सल्ला देणारे सगळे ताशी ऐंशी मैलांनी गोठलेले तळे ओलांडणारे होते, ही गोष्ट मला जरा उशिराच जाणवली. मला कॅल्युमेटपर्यंत आणि जमल्यास कॉपर हार्बरपर्यंत आखलेल्या, यंत्राने सपाट केलेल्या वाटांवरून ताशी पस्तीस-चाळीस मैलांनी जायचे होते. त्या कामाला साठ अश्वशक्ती पुरून उरते. पंख्याच्या इंजिनाचा आणखी एक गुण येथे उपयोगी पडतो. कूलंटच्या गाड्यांमध्ये ट्रॅकने (गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याने) उडवलेला बर्फ आसनाखालच्या रेडिएटरवर आदळतो आणि त्यानेच इंजिन थंड राहते, त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फ पातळ असताना किंवा तळ्याच्या टणक, गुळगुळीत पृष्ठभागावर त्यांचे तापमान चढते. पंख्याला उडालेल्या बर्फाची गरज नसते. मात्र ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना बर्फाचा ओलावा लागतोच, हे विसरून तळ्यावर लांबचा पल्ला मारल्यास त्या पट्ट्या वितळतात.

ज्यांनी कायनेटिक होंडा चालवली आहे त्यांना या यंत्राची निम्मी ओळख आधीच आहे. टू-स्ट्रोक इंजिन, वेगळ्या टाकीतून आपोआप मिसळले जाणारे ऑइल, गिअर नाहीत आणि दोन पुलींमध्ये फिरणारा बेल्ट, ही मांडणी मुळात तीच आहे. पहिल्यांदा दोरी ओढून इंजिन सुरू झाले आणि निळसर धुराचा तो वास आला, तेव्हा बर्फात उभा असूनही मी क्षणभर पुण्यातल्या टिळक रस्त्यावर होतो. उलटे जाण्याची सोय मात्र वेगळी आहे. बटण दाबले की इंजिन विझण्याच्या बेतात येते आणि पुन्हा पेटताना उलट्या दिशेने फिरू लागते.

गाडी पाहायला जाताना इंजिन गरम करून ठेवू नये, असे मी मालकाला आधीच कळवले होते, कारण गार इंजिन कसे सुरू होते यावरूनच कार्बुरेटरची अवस्था समजते. येथे सहा वेळा दोरी ओढावी लागली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला तेव्हा एका सिलिंडरचा ११८ आणि दुसऱ्याचा १२१ पीएसआय आला. दोहोंतील फरक दहा टक्क्यांच्या आत असावा असा प्रघात आहे, त्यामुळे इंजिनाबद्दल मी निश्चिंत झालो आणि तेथेच चुकलो. ट्रॅकचे रबरी दाते तपासले, स्की हलवून सांध्यांतील ढिलेपणा पाहिला, बेल्टच्या कडा पाहिल्या. परंतु इंजिनावरचे पंख्याचे आवरण काही उघडून पाहिले नाही. घासाघीस करून गाडी २,३०० डॉलरला घेतली.

घरी आणून आवरण काढले, तर आत आसनाच्या फोमचे तुकडे, वाळके गवत आणि ओकच्या फळांची टरफले यांचे मुठीएवढे घरटे निघाले. उंदरांनी ते नेमके एका सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेवर बांधले होते. तसेच वीस मैल चालवले असते तर तो सिलिंडर तापून पिस्टन जाम झाला असता आणि स्वस्तात मिळालेले इंजिन महागात पडले असते. कार्बुरेटरच्या जेटमध्येही (पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रांत) जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचला होता. दोन संध्याकाळी त्याच्या सफाईत गेल्या आणि त्यानंतर गाडी दुसऱ्या ओढीला सुरू होऊ लागली. विक्रेत्याने हे लपवले असे मी म्हणणार नाही, बहुधा त्यालाही ते ठाऊक नसावे.

दोन हिवाळ्यांत सुमारे अकराशे मैल झाले. एकट्याने जाताना शक्ती कमी पडली असे एकदाही वाटले नाही. पत्नी मागे बसली की चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मात्र वाढत नाही. तिचे म्हणणे असे की, गाडीपेक्षा आपला डबाच जड असतो. मळलेली वाट सोडून दोन फूट ताज्या बर्फात शिरलो तेव्हा गाडी पन्नास यार्डांत रुतली, आणि दोनशे किलोंहून अधिक वजन फावड्याने मोकळे करण्यास पाऊण तास लागला. त्या प्रकारच्या भटकंतीला अधिक लांब ट्रॅक आणि अधिक शक्तीच लागते, तेथे कौशल्य फारसे कामास येत नाही. पंख्याचा आवाज कर्कश आहे आणि तासाभराच्या प्रवासानंतर हँडलचे कंपन मनगटांत उतरते. एका गॅलनला तेराच्या आसपास मैल मिळतात. एवढ्या पेट्रोलमध्ये आताच्या फोर-स्ट्रोक गाड्या बऱ्याच पुढे जातात, परंतु त्यांची किंमतही तशीच पुढे गेलेली असते.

कोलोरॅडोतील मराठी मित्रांनी मात्र ही शिफारस स्वतःला लागू समजू नये. हजार फूट उंचीमागे इंजिनाची शक्ती साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे दहा हजार फुटांवर साठातले बेचाळीसच उरतात, आणि कार्बुरेटरचे जेट बदलावे लागतात ते वेगळेच. मिशिगन, मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनमध्ये आखीव वाटांवर एकट्याने फिरणाऱ्याने ही गाडी जरूर घ्यावी. फक्त ती पूर्वी भाड्याने दिली जात होती का, हे स्पष्ट विचारावे.

गेल्या आठवड्यात पत्नीसाठी अशीच दुसरी गाडी पाहून आलो. मालकाने अंगणात चक्कर मारून पाहण्याचा आग्रह केला, पण मी आधी टॉर्च आणि पाना मागून घेतला. आवरणाखाली कोरडी, स्वच्छ जागा होती. ट्रॅकचे चार दाते तुटलेले आहेत, त्यावरून दोनशे डॉलरांची बोलणी अजून चालू आहेत.