पिनबॉल मशीन भाड्याने देताना: घर बरं की ऑफिस?

पिनबॉल मशीन भाड्याने द्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, भाडं किती मिळेल? पण आधी विचारायला हवं ते हे, की त्या मशीनपाशी वर्षातून किती वेळा जावं लागेल? घर आणि ऑफिस यांतला खरा फरक या फेऱ्यांमध्ये आहे.

समजा, दुरुस्तीच्या एका फेरीचा खर्च १ धरला. दोन माणसं आणि गाडी लावून मशीन एकदा हलवायचा खर्च ४ धरला. घराचं महिन्याचं भाडं ५, ऑफिसचं ८. आकडे कल्पित आहेत, त्या जागी आपले घालावेत. नेणं आणि परत आणणं मिळून ८ जातातच.

घर, ३ महिने, १ फेरी: १५ − ८ − १ = ६
घर, १२ महिने, ४ फेऱ्या: ६० − ८ − ४ = ४८
ऑफिस, १२ महिने, महिन्याला १ फेरी: ९६ − ८ − १२ = ७६
ऑफिस, १२ महिने, आठवड्याला १ फेरी: ९६ − ८ − ५२ = ३६

शेवटच्या दोन ओळींत ऑफिस तेच, भाडंही तेच. बदललं फक्त मशीन. सारखं कुरकुरणारं मशीन ऑफिसात ठेवलं तर जास्त भाडं असूनही ते घरापेक्षा कमी देतं. घराचा धोका वेगळा आहे, तो पहिल्या ओळीत दिसतो. तीन महिन्यांत परत येणारं मशीन म्हणजे जवळपास फुकटची हमाली. म्हणून घरासाठी किमान सहा महिन्यांचा करार करावा, किंवा ने-आण भाड्यात न मिसळता वेगळी लावावी. यात पार्ट आणि घसारा धरलेला नाही. तो ऑफिसच्या बाजूला जास्त पडतो.

हलवणं

आजचं साधारण मशीन ११० ते १३० किलोचं असतं. बॅकबॉक्स, म्हणजे मागची गुण दाखवणारी उभी पेटी, वर केल्यावर उंची १९० सेंमीच्या पुढे जाते, लांबी साधारण १४० आणि रुंदी ७० ते ७५ सेंमी. खेळणाऱ्याला उभं राहायला पुढे आणखी एक मीटर लागतो. चार पायांना मिळून आठ बोल्ट असतात, त्यांना बहुतेक वेळा १६ मिमीचा पाना बसतो.

निघताना सगळ्यात आधी गोळ्या बाहेर काढायच्या. प्रत्येक गोळी २७ मिमी व्यासाची, ८० ग्रॅमची भरीव पोलादी असते. मशीन उभं आडवं करताना ती आत राहिली तर प्लेफिल्डवर, म्हणजे गोळी ज्यावर धावते त्या रंगवलेल्या फळीवर, आपटून रंगाचे टवके उडतात, प्लास्टिक फुटतं. गोळ्या काढल्या की बॅकबॉक्स दुमडायचा, मध्ये जाड घोंगडं घालायचं आणि पट्ट्याने आवळायचा. मग मागचे पाय काढून मागची बाजू ट्रॉलीवर टेकवायची, पुढचे पाय शेवटी.

घराची अडचण जिना असते. वळणाचा अरुंद जिना असेल तर करारावर सही होण्याआधी मोजपट्टी घेऊन जावं, ग्राहकाने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. ऑफिसात लिफ्ट मिळते, पण मालवाहू लिफ्ट कधी वापरायची, कोणाची परवानगी घ्यायची, हे इमारतीचे लोक ठरवतात. बऱ्याच ठिकाणी कामाच्या वेळेनंतरच आत सोडतात.

जागेवर ठेवल्यावर उतार साधारण ६.५ अंश ठेवायचा आणि आडवी पातळीही बघायची. माप काचेवर घेऊ नये, प्लेफिल्डवर घ्यावं. काच प्लेफिल्डला समांतर नसते. जाड गालिच्यात पाय हळूहळू रुततात, उतार बदलतो आणि पंधरा दिवसांनी फोन येतो, ‘बॉल एकाच बाजूला जातोय.’ पायांखाली कडक चकत्या ठेवल्या की ही फेरी वाचते.

खेळ किती, झीज किती

ऑफिसात दिवसाला ४० खेळ धरले तर २२ दिवसांत ८८० होतात. घरात पहिला महिना जोरात जातो, नंतर शनिवार-रविवार. हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक मशीनच्या मेनूत एकूण खेळांची नोंद असते. देताना आणि प्रत्येक फेरीत ती लिहून ठेवावी.

दर ५०० ते १००० खेळांमागे काच काढून प्लेफिल्ड पुसावं, मेण लावावं आणि गोळ्या तपासाव्यात. गोळीवर ओरखडे आले की ती बारीक कानशीसारखी वागते, रंग खरवडते. गोळी दहा वर्षांची नाही, प्लेफिल्ड मात्र तेवढं टिकवायचं आहे. ओरखडे दिसले की पूर्ण संच बदलावा.

सगळ्यात जास्त झिजतात ते फ्लिपर, म्हणजे बटण दाबल्यावर गोळी परत मारणारे दांडे. तक्रार एकच असते, ‘जोर कमी झाला.’ फ्लिपर हलतो तो कॉइलमुळे: वीज मिळताच ही तारेची गुंडाळी प्लंजर नावाची सळी आत ओढते. कारण बहुधा कॉइलच्या आतली स्लीव्ह (नळी), प्लंजरची लिंक (जोडपट्टी) किंवा प्लंजर जिथे अडतो तो कॉइल स्टॉप झिजलेला असतो. जुन्या रचनेत फ्लिपर पूर्ण उचलला की काम करणाऱ्या स्विचचं अंतरही बिघडतं. सुटे भाग शोधत बसण्यापेक्षा पूर्ण दुरुस्ती संच गाडीत ठेवावा. सोबत फ्लिपरची आणि इतर रबरं, योग्य क्षमतेचे फ्यूज आणि दोन-चार स्विच असले की बहुतेक कामं एकाच फेरीत उरकतात. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीच घालू नये. ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन कॉइल चालूच राहिली असेल तर तोच फ्यूज आग टाळत असतो. जळका वास आला की प्लग काढायचा आणि मगच फोन करायचा, एवढी एक ओळ मशीनच्या बाजूला चिकटवून ठेवावी.

घरातल्या मशीनला कमी खेळाचा वेगळाच त्रास आहे. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच मशीनमध्ये सेटिंग जपायला बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात. मशीन महिनोन्‌महिने बंद राहिलं की सेल उतरतात, मशीन कारखान्याच्या सेटिंगवर जातं आणि फ्री प्ले, म्हणजे नाणं न टाकता खेळण्याची सोय, निघून जातो. ग्राहक म्हणतो, ‘मशीन पैसे मागतंय.’ हा फोन विनोदी वाटतो. पण सेल गळून बोर्ड खाऊन टाकतात, ते फार महाग पडतं. असं मशीन बाहेर देण्याआधी सेल काढून न विसरणारी मेमरी चिप बसवून घ्यावी.

ऑफिसात उलट. तिथे मशीन रात्रंदिवस चालू राहतं, दिव्यांच्या कनेक्टरना उष्णता लागून ते काळे पडतात. तापणाऱ्या बल्बऐवजी एलईडी आणि एक टायमर प्लग, इतकं पुरे.

आवाज

घरात आवाजाबद्दल क्वचितच कोणी बोलतं. ऑफिसात मात्र काही बिघाड नसतानाही मशीन आवाजापायी परत येऊ शकतं. आवाज शून्यापर्यंत आणायला काही मशीनमध्ये किमान आवाजाची मर्यादा आधी मेनूतून काढावी लागते. नॉकर (बक्षिसाचा खेळ मिळाल्यावर ठोका देणारा भाग) बंद करावा, मशीन थरथरवणारी शेकर मोटर असेल तर तीही. फ्लिपरचा खटखटाट मात्र जात नाही, म्हणून मीटिंगच्या खोलीच्या भिंतीला मशीन लावू नये. जागा ठरवताना ग्राहक खिडकीजवळचा छान कोपरा दाखवतो. त्यालाही नाही म्हणावं, उन्हाने कॅबिनेटचा लाल रंग आधी उडतो.

कोणतं मशीन कुठे

ऑफिसात माणूस चहाच्या वेळात दोन खेळ खेळतो. त्याला नियम वाचायचे नसतात, मधोमध ठोकायला काहीतरी दिसलं पाहिजे. १९९५ च्या ‘अटॅक फ्रॉम मार्स’मधली तबकडी किंवा १९९७ च्या ‘मिडिव्हल मॅडनेस’मधला किल्ला यांचं यश त्यातच आहे. घरात तोच माणूस महिनाभर एकच खेळ खेळतो, म्हणून खोल नियमांचं मशीन तिथे जास्त टिकतं. सत्तरच्या दशकातली रिलेवर चालणारी मशीन सुंदर दिसतात, पण प्रत्येक हलवणीनंतर त्यांचे संपर्क बिघडू शकतात. ती ऑफिसात देऊच नयेत.

विक्रीचाही विचार आधीच करावा. फक्त घरात खेळलेल्या मशीनला खरेदीदार जास्त देतात. शिवाय घरच्या भाडेकरूंपैकी काही जण शेवटी विचारतात, ‘हेच विकत घेऊ का?’ भाड्याचा काही भाग किमतीत वळता करण्याची अट करारात असेल तर परत आणण्याचा खर्चही वाचतो. ऑफिस सहसा विकत घेत नाही.

कागद

घराकडून अनामत घ्यावी आणि देतानाच काच, पाय, कॅबिनेटच्या कडा यांचे फोटो दोघांच्या समोर काढावेत. ऑफिसकडे अनामत मागितली तर बिल अडकतं, त्याऐवजी तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागावं आणि तिथला एक माणूस ठरवून घ्यावा. नाहीतर अडकलेल्या एका गोळीसाठी पाच जण फोन करतात. ऑफिस विम्याचा कागद मागू शकतं, आणि घरगुती विम्यात भाड्याने दिलेली वस्तू बसेल असं गृहीत धरू नये. नाणं टाकून चालवण्याच्या मशीनला अनेक ठिकाणी परवाना किंवा कर लागतो. फ्री प्ले आणि ठरावीक भाडं ठेवलं तरी स्थानिक नियम एकदा विचारून घ्यावा.

सगळ्या मशीनना एकाच किल्लीची कुलपं लावावीत. कॉइन डोअर, म्हणजे पुढचं नाण्यांचं दार, उघडलं की गेल्या तीस-एक वर्षांतल्या बहुतेक मशीनमध्ये कॉइलचा वीजपुरवठा तुटतो. त्यामुळे ऑफिसातल्या त्या एका माणसाकडे किल्ली द्यायला हरकत नाही, अडकलेली गोळी तो फोनवर ऐकत सोडवू शकतो. लहान मुलं असतील त्या घरात किल्ली देऊ नये.

दिवसा नोकरी करणाऱ्याने, दोन-तीन मशीन असताना, घरांपासून सुरुवात करावी; ऑफिसचे फोन सकाळी अकरा वाजता येतात. दिवस मोकळा असेल आणि फ्लिपर स्वतः खोलून नीट करता येत असतील तर ऑफिस बरं, तेही नव्या किंवा पूर्ण दुरुस्त केलेल्या मशीनवर. ऑफिसात काही महिन्यांनी खेळांचा आकडा घसरतो, मग रद्द करण्याचा ईमेल येतो. आकडा निम्म्यावर आला की ईमेलची वाट न बघता मशीन बदलून द्यावं. नवं नेणं आणि जुनं आणणं एकाच गाडीत बसवलं तर दोन हलवण्यांचं काम जवळपास एकाच खर्चात होतं.